सुतकातलं रेकॉर्डिंग

संगणक शिकवणाऱ्या बाईला घरचा संगणक जुमानत नाही, यापरती नामुष्की नाही. मी बारामतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात संगणक शिकवते. पोरांना रुबाबात सांगते, यंत्र कधी चुकत नसतं, चुकतो तो माणूस. आणि घरी येऊन त्याच यंत्राला अशा शिव्या घालते की नवरा उठून दार लावून घेतो.

काम तसं साधं होतं. टीव्हीवर रोज संध्याकाळी शेतीचा एक कार्यक्रम लागतो, तो आपोआप रेकॉर्ड करून ठेवायचा. बस्स. त्यासाठी कॉलेजनं मोडीत काढलेला एक संगणक मी आणला, त्यात लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली घातली, डिशची वायर जोडायचं कार्ड बसवलं आणि पुढचे कित्येक महिने त्याच्यापुढं नाक घासलं. लोक विचारायचे, एवढं काय आहे त्या कार्यक्रमात? त्यात आमचे वडील होते. आबा. त्या कार्यक्रमाच्या एका जुन्या भागात आबा बोलताना दिसतात, आणि आबा आता नाहीत.

आमचं घर इंदापूरच्या पुढं, उजनीच्या पाण्याच्या अंगाला. सगळा ऊस पिकवणारा मुलूख. त्यात आबांनी पेरू लावला तेव्हा भावकीनं त्यांना वेड्यात काढलं. पेरू काय कुणी लावतं? तो बांधावर आपला आपण येतो! मग एकेका फळाला फोमची जाळी, वरून प्लॅस्टिकची पिशवी असं लेकरासारखं जपलेलं त्यांनी बघितलं, मालाच्या गाड्या भरून जाताना बघितल्या, तशी तीच भावकी रोपं मागायला दारात आली. त्याच बोभाट्यात टीव्हीची माणसं कॅमेरा घेऊन आमच्या बागेत आली.

त्यांना जेवायला चुलीवरचंच पाहिजे होतं. आईकडं गॅस होता, कुकर होता, सगळं होतं. पण शहरातल्या माणसाला खेड्यात आल्यावर गॅसवरची भाकरी गोड लागत नाही. म्हणून आईनं घराच्या मागं चूल मांडली आणि सकाळपासून धुरात बसली. धाकट्या भावाला गार पाण्याच्या बाटल्या आणायला इंदापूरला पिटाळलेलं. मी तेव्हा पुण्यात शिकायला. पुढं बागेच्या तोंडाशी आबा इस्त्रीची टोपी घालून काय काय बोलले ते घरातल्या कुणीच ऐकलं नाही.

कार्यक्रम लागला त्या दिवशीची तर आणखी तऱ्हा. सगळी आळी आमच्या पडवीत. इतक्या माणसांना चहा करायचा म्हणून आई पुन्हा आत, चुलीपाशी नाही तर गॅसपाशी, एवढाच फरक. वारं सुटलं होतं म्हणून भाऊ माळवदावर डिश धरून उभा. आणि माझ्या होस्टेलच्या टीव्हीवर मुली क्रिकेट सोडून पेरू बघायला तयार नव्हत्या. घरच्यांपैकी तो कार्यक्रम बघितला तो एकट्या आबांनी.

कपबशा परत आणून देताना शेजारची काकू आईला म्हणाली, "वहिनी, तुमच्या मालकांनी तुमाला हाक मारली बगा टीव्हीत! अन् तुमी काय आला न्हाय."

"काय म्हणून मारली?" आईनं विचारलं.

"त्ये कुठं ऐकू येतंय! मालक दिसलं तशी पोरांनी ह्यो कालवा केला. घराकडं तोंड करून मोठ्यांदा वरडलं, येवडं बगितलं मी."

वाचणाऱ्याला वाटेल, यात एवढं विचारण्यासारखं काय? तर आबांनी आईला कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. 'अगं ए', 'ऐकलं का', फार तर माझं नाव घेऊन 'हिची आई'. नाहीतर उंबऱ्यात उभं राहून खाकरायचे, आणि आईला त्या खाकरण्यावरून कळायचं की चहा हवाय का बाजाराची पिशवी. आमच्याकडं पुष्कळ बायकांचं आयुष्य असं खाकरण्यावर निघतं. पण आमच्यात त्याला आणखी एक कारण होतं.

आई आबांच्या सख्ख्या मामाची मुलगी, पणदऱ्याची. मे महिन्याच्या सुट्टीत आबा मामाच्या गावाला जायचे, पाटात पोहायचे, आणि ही एवढीशी पोरगी काठावर त्यांचे कपडे धरून बसायची. तेव्हा ते तिला नावानंच बोलवत असणार, पोराटोरांत दुसरं काय! पुढं लग्न ठरलं. आता झाली पंचाईत. आबांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, हिचं आणि नवरीचं नाव एकच. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? आणि नवरा बायकोला 'ये गं, जा गं' करणार ते थोरल्या बहिणीच्या नावानं? आजीला ते पटलं नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून आबांनीच अंगठीनं त्यावर नवं नाव लिहिलं आणि आई त्या नावाची झाली.

ते नाव रेशनकार्डावर आहे, आधारवर आहे, बचत गटाच्या पासबुकावर आहे. आबांच्या तोंडात ते कधी बसलं नाही. जुनं नाव पणदऱ्यातच राहिलं. आई माहेरी गेली की गल्लीच्या तोंडापासून तिला त्या नावानं हाका यायच्या, आणि मी लहानपणी गोंधळून म्हणायची, आत्या कुठं आलीय? आजोबा गेले, आजी गेली, शेवटी मामाही गेला. त्यानंतर ती हाक यायची बंद झाली.

माझ्या लग्नातही नाव बदलायचा विषय निघाला होता. आबा एरवी सोयऱ्यांपुढं हात जोडून उभे, पण तेवढ्या एका गोष्टीला ताठ झाले. "पोरीचं नाव बदलायचं न्हाय. त्ये सोडून काय बी बोला." मला वाटलं, मुलगी शिकलेली म्हणून.

तर कार्यक्रम लागला त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला आईनं आबांना विचारलं, "काय म्हणून हाक मारली म्हणं टीव्हीत?"

आबा भाकरी कुस्करत हसले. "मारली आसंल कायतरी. आली न्हाईस न्हवं? मग झालं तर."

एवढ्यावरच ते राहिलं. आईनं पुन्हा विचारलं नाही, आणि दारोदार जाऊन, नवऱ्यानं मला काय म्हणून बोलावलं ओ, असं कुणाला विचारायचं? काही वर्षांनी आबा गेले. सकाळी बागेत फेरी मारून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि इंदापूरला पोचायच्या आत संपलं.

फोटोतला चेहरा आहे तसा राहतो, आवाज राहत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी आबांना रोज फोन करून बोलायला लावून ते साठवलं असतं. भावाच्या लग्नाची फिल्म आहे आमच्याकडं. त्यात आबा जिकडंतिकडं आहेत, पाहुण्यांना टोप्या घालतायत, वाढप्यांना दटावतायत, तोंड सारखं हलतंय, आणि वरून शूटिंगवाल्यानं सिनेमातली गाणी चिकटवलेली. एक शब्द ऐकू येत नाही. मला आबांचा खोकला आठवायचा, दारात चपला झटकल्याचा आवाज आठवायचा, पण त्यांचं बोलणं आठवायला गेले की ते मला माझ्याच आवाजात ऐकू यायचं. याचा फार त्रास व्हायचा. अजूनही लिहिताना होतो.

मग एका संध्याकाळी आईचा फोन आला. तिचा आवाज वेगळाच होता. "आगं, त्या शेतीच्या कार्यक्रमात आज सांगोल्याकडचं एक म्हातारं दाखवलं. डाळिंबवालं. त्ये मरून किती दिस झालं, आबांच्या वळकीचं हुतं. मेल्याली माणसं बी दाखवत्यात की गं. मग आपलं बी दाखवतील."

मी चॅनेलला पत्र लिहिलं, मेल केला, फोन लावले. जुन्या टेपा कुठं आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. 'जुने भाग अधूनमधून दाखवले जातात, बघत राहा,' असं उत्तर आलं. इंटरनेटवर नवे भाग होते, जुने नव्हते. आई बघत राहिली. पण तो कार्यक्रम नेमका धारेच्या वेळेला. म्हैस काही आबांसाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागायचा, तेव्हा ही बागेत पेरूला पिशव्या घालत असायची. "आज लागला आसंल आन् मी न्हवते," या धास्तीनं ती वाळायला लागली. तेव्हा मी म्हणाले, तू बघत बसू नकोस, मी यंत्र करून देते. किती सहज म्हणाले!

पहिल्यांदा मी सगळे सांगतात तसा पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा डबा आणला. वीज गेली की त्याला दिवस-वेळ कशाचीच शुद्ध राहायची नाही. आणि आमच्याकडची वीज जाण्यासाठीच येते. मग लिनक्स. त्यात सगळं फुकट आणि सगळं शक्य, असं मी वर्गात सांगत होतेच. आता ते भोगायची वेळ आली.

कार्ड बसवलं, तर संगणक म्हणतो कार्ड आहे, पण चालवायची फाइल नाही. फाइल शोधली, तर ती दुसऱ्याच कार्डाची. जगाच्या पाठीवर कुणीतरी एकानं हीच अडचण विचारलेली असते आणि त्याखाली दुसऱ्यानं लिहिलेलं असतं, 'माझ्याकडे व्यवस्थित चालतंय.' अशा माणसाला मी समोर उभा करून विचारणार आहे, मग मी काय तुझ्या घरी येऊन टीव्ही बघू? एकदा चित्र आलं तर आवाज नाही. आवाज आला त्या आठवड्यात चॅनेलनं डिशवरची जागा बदलली. हे सगळं जमलं आणि मी मोठ्या तोऱ्यात संध्याकाळचं रेकॉर्डिंग लावून बारामतीला परत आले. पुढच्या शनिवारी जाऊन बघते तर सगळ्या फाइलींत एक गुळगुळीत माणूस केस उगवायचं तेल विकतोय. यंत्र इंग्लंडच्या घड्याळावर चाललं होतं. आमची संध्याकाळ त्याच्या लेखी भलत्याच वेळी होत होती.

यंत्र आईच्या घरीच ठेवावं लागलं, कारण डिश तिथं. बारामतीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर डिश लावू देत नाहीत. त्यामुळं काही बिघडलं की मला फोनवरून दुरुस्ती.

"आई, पडद्यावर काय दिसतंय?"

"काळ्या पाटीवर मुंग्या चालल्यात."

"मुंग्या म्हणजे इंग्रजी अक्षरं ना? शेवटची ओळ वाच."

"मला वाचता आलं आस्तं तर तुला कशाला शिकिवलं आस्तं?"

मग एकदा ते यंत्र रोज दुपारी मरायला लागलं. मी मेमरी बदलली, पंखा बदलला, सगळं लिनक्स पुसून पुन्हा बसवलं. काही कळेना. शेवटी न सांगता गेले, तर आईनं त्याला विणलेला रुमाल घातलेला. लोकरीचा, कडेला मोर. मी यायचे त्या दिवशी ती तो काढून धुवायला टाकायची. टीव्हीला रुमाल, मिक्सरला रुमाल, मग आबा ज्यात सापडणार त्या डब्याला उघडं कसं ठेवायचं? बिचारं गुदमरून बंद पडत होतं. मी चिडले, आणि आईनं नुसतं एवढंच विचारलं, "मग त्याला काय धूळ खात ठिवू?"

सगळ्यात मोठा वैरी होता थ्री फेज. शेतीच्या मोटारींची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ती आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी ऑटोवर एकदम सुरू होतात. घरातले दिवे पिवळे पडतात, पंखा दमल्यासारखा फिरतो आणि आमचा संगणक मान टाकून पुन्हा पहिल्यापासून उठतो. भावानं त्याला इन्व्हर्टरच्या लाइनीवर घेतला. मग जरा निभायला लागलं. निभायला लागलं म्हणजे, रोजचा कार्यक्रम साठायला लागला. शनिवार-रविवारी मी जायची आणि आम्ही दोघी आठवड्याचे भाग पुढं ढकलत बघायचो. ढोबळी मिरची. शेळीपालन. गांडूळखत. आई प्रत्येक माणसाकडं बघून म्हणायची, "ह्ये न्हाय." मग पुढचा. माझा सगळा शनिवार त्या 'ह्ये न्हाय'नं भरून जायचा, आणि परत येताना काटेवाडी, पिंपळीच्या उसातून गाडी चालवत असताना मला उगाच रडू यायचं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर भावकीतले तात्या गेले. आबांचे चुलतभाऊ. पेरूवरून आबांना सगळ्यात आधी वेडं ठरवणारे तेच, आणि सगळ्यात आधी रोपं नेणारेही तेच. दहा दिवसांचं सुतक लागलं. सुतकात देवपूजा नाही, गोडधोड नाही आणि टीव्ही नाही. आईनं टीव्हीचा खटका बंद केला, वर टॉवेल टाकला, आणि मला फोन केला.

"ह्यो डबा बी बंद केला गं."

माझा पारा चढला. "आई, तो टीव्ही नाही. त्यात चित्र दिसत नाही. तो नुसता साठवतो."

"साठीवतो म्हंजी आपल्या वतीनं बगतोयच की."

यावर लिनक्सच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही. मी पुष्कळ समजावलं, आवाज चढवला, भावाला मध्ये घातलं. आई एकच म्हणाली, "माणूस गेलंय घरातलं. धा दिस न्हाय बगितलं तर काय आबा पळून चालल्यात?"

आबा पळून गेले नाहीत. ते त्याच आठवड्यात आले. शेजारची काकू, जी आमच्या भावकीतली नाही आणि जिच्या घरी टीव्ही चालू होता, ती धारेच्या वेळी गोठ्यात धावत आली. "वहिनी, मालक! तुमचं मालक लागल्यात टीव्हीत!" आई चरवी खाली ठेवून उठली आणि तिथंच उभी राहिली. सुतकात दुसऱ्याच्या घरी जाऊन टीव्ही बघायचा? काकूला विचारलं, काय म्हणत होते? तर ती म्हणाली, "टोपी दिसली तशी पळत आले तुमाला सांगायला. फुडचं काय बगितलंच न्हाय बाई."

आईचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. ती रडत नव्हती. "लागला गं," एवढंच म्हणाली. आबांची हाक तिसऱ्यांदा चुकली होती. मला तिच्यावर इतका राग आला आणि तिची इतकी कीव आली की मी भाजी तशीच टाकून उठले.

मग मला आठवलं, उद्या दुपारी तोच भाग पुन्हा लागणार.

"आई, उद्या डबा चालू करशील?"

तिनं आधी किती वाजता ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "तूच म्हणलीस न्हवं, त्यो नुसता साठीवतो. साठवू दे त्याला. पर टीव्ही लावायचा न्हाय. दहावा झाल्याबिगार कुणी बगायचं न्हाय. तू बी न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि नवऱ्याची गाडी घेऊन निघाले. रस्त्यानं रिकाम्या उसाच्या ट्रॉल्या खडखडत समोरून येत होत्या, एकेकीला वाट देता देता जीव मेटाकुटीला आला. पोचले, डबा सुरू केला, घड्याळ तपासलं, कार्डाला डिश सापडतेय ना ते लॅपटॉपवरून बघितलं आणि लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला. तो जोडून मला आबा तिथल्या तिथं बघता आले असते. लेकीला लग्नानंतर या भावकीचं सुतक नसतं. पण आई समोर बसली होती.

त्या आठवड्यात थ्री फेज दुपारची होती. भाऊ आमची मोटार ऑटोवरून काढून आला. पण शिवारातल्या बाकीच्यांच्या मोटारींना तो काय करणार? म्हणाला, "ताई, इन्व्हर्टर हाय की. काय व्हत न्हाय."

वेळ झाली. डब्यावरचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला, म्हणजे साठवणं सुरू झालं. आम्ही तिघं त्या टॉवेल टाकलेल्या टीव्हीसमोर बसलो. आई पदर सावरून, अगदी नीट, जसं कुणी समोर बसलंय.

"आता बाग दाखवत आस्तील," ती म्हणाली.

जरा वेळानं, "आता पिशव्या कशा घालायच्या त्ये सांगत आस्तील. खरं त्यांना घालता यायच्या न्हाईत, फळ पिचकायचं."

मला हसू येत होतं. हातभर अंतरावर आबांचा आवाज त्या पत्र्याच्या डब्यात पडत होता आणि आम्हाला ऐकायची परवानगी नव्हती.

आणि पंखा मंदावला. थ्री फेज आली. इन्व्हर्टरनं टक् केलं, डब्याची घरघर थांबली, तांबडा दिवा गेला.

"काय झालं?" आई म्हणाली.

"काही नाही. येईल."

"गेला व्हय?"

"येईल म्हणते ना!" मी खेकसले. डबा पुन्हा सुरू झाला होता, पण त्याला उठायला वेळ लागतो. म्हातारा माणूस बाजेवरून उठतो तसा तो उठतो, आधी हे तपासतो, मग ते तपासतो. कधीकधी कार्ड सापडतच नाही त्याला. मी त्या दिव्याकडं बघत होते. देवाला मी एरवी काही मागत नाही, आणि सुतकात मागायचंही नसतं, पण मागितलं. दिवा लुकलुकायला लागला.

संध्याकाळी नुसती फाइलींची यादी उघडून बघितली. एका भागाचे दोन तुकडे झाले होते. मधलं गेलं होतं.

"कुठलं गेलं?" आईनं विचारलं.

"ते बघितल्याशिवाय कळणार नाही."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

ते दिवस मी बारामतीत कसे काढले ते माझं मला माहीत. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मध्येच वाटायचं, ती हाक गेलेल्या तुकड्यातच असणार. आपल्या नशिबात जे हवं ते नेमकं मधलंच जातं.

दहावा झाला. घर सारवून, गोमूत्र शिंपडून झालं. आईनं डोक्यावरून अंघोळ केली आणि आबा गेल्यापासून पेटीत पडलेलं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, बांगड्याही घातल्या. भाऊ आणि मी खुर्च्यांवर, आई खाली जमिनीवर, भिंतीला टेकून. ती कधी खुर्चीवर बसत नाही. मी टीव्ही लावला.

बाग दिसली. आताच्यापेक्षा झाडं लहान. मग इस्त्रीची टोपी, आणि आबा. "रामराम," ते म्हणाले.

मला वाटत होतं त्यांचा आवाज जाड होता. तो बारीक निघाला, थोडा घाईतला, वाक्याच्या शेवटी वर जाणारा. ऐकल्याबरोबर आठवला. हाच, हाच तो. इतकी वर्षं मी कुणा दुसऱ्याचाच आवाज आबांचा म्हणून मनात ठेवला होता. भाऊ तोंडावर हात धरून बसला होता. आबांनी फळ हातात घेतलं, फोमची जाळी दाखवली, "आता हिला आसं वर..." म्हणाले, आणि चित्र थांबलं. पहिला तुकडा संपला.

त्यांनी सगळ्यात जास्त तयारी केलेलं सगळं पुढं होतं. खतं, छाटणी, बाजार. ते गेलं. मी आईकडं बघितलं नाही. दुसरा तुकडा लावला.

"...वहिनींचा हात किती?" मुलाखतवाल्याचा अर्धा प्रश्न.

आबा हसले. लाजले, खरं तर. "त्येंनाच इचारा की," म्हणाले, आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून घराकडं वळले. टोपी मागं सारली, तोंडाशी हात धरला आणि हाक मारली. मोठ्यांदा, खणखणीत, पाटाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला मारतात तशी.

ते आत्याचं नाव होतं.

"आत्याला कशाला?" भाऊ पुटपुटला. "आत्या कुठं हुती तवा हितं?"

पडद्यावर आबा घराकडं बघत थांबले होते. घराच्या मागून धूर निघताना दिसत होता.

माझ्या मागं बांगड्या वाजल्या. आई भिंत सोडून पुढं झाली होती.

"ओऽ," ती म्हणाली, आणि जमिनीला हात टेकून उठायला लागली. "आले."